सेवेरिंकचा उलटा एस

रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या घरात बघायचं नसतं. आल्मेलो गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, आपोआप येतं. रस्त्याकडची खिडकी भिंतभर, पडदे सताड उघडे, आत दिवा, दिव्याखाली सोफा, सोफ्यावर घरची माणसं, आणि त्यांच्या ताटात बटाटे आहेत की मटार हेसुद्धा बाहेरून दिसतं. तरी जाणाऱ्यानं नजर समोर ठेवून पुढं व्हायचं. बघतात सगळेच, खोटं कशाला बोला, पण चालता चालता, डोळ्याच्या कोपऱ्यातून. थांबून बघणारा म्हणजे एक तर चोर, नाही तर खुळा, नाही तर सरहद्दीपलीकडचा जर्मन.

म्हणून तो म्हातारा पहिल्यांदा थांबला तेव्हा हेर्मिनला वाटलं, बुटात खडा गेला असेल. हेर्मिन दिवसभर घरीच असायची. लोकांचे पडदे शिवायची. ज्या गावात पडदा कुणी ओढत नाही त्या गावात पडदे शिवून आपलं पोट भरतं, ही गंमत ती स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शिवणयंत्र खिडकीशी, त्यामुळे रस्ता नाकासमोर. सव्वाअकराला म्हातारा आला, सायकल हातात धरून, मागच्या पिशवीत पाव. थांबला. सरळ आत बघितलं. तिच्याकडे नाही हां, तिच्या डोक्यावरून, सोफ्यामागच्या भिंतीकडे. मग त्यानं मान डावीकडे कलती केली, आणखी कलती केली, इतकी की टोपी घसरली. टोपी सावरली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा. मान कलती, टोपी घसरली, गेला. तिसऱ्या दिवशी तेच.

भिंतीवर एस होता. दीड मीटर उंच, पत्र्याचा, आत दिव्याच्या ट्यूब बसाव्यात म्हणून डब्यासारखा पोकळ. एकेकाळी लालभडक, आता उन्हापावसानं विटून विटकरी झालेला. सेवेरिंकच्या कारखान्याच्या छतावर जी पाटी होती, तिच्यातलं हे पहिलं अक्षर. सेवेरिंक म्हणजे ब्लँकेटं. अर्धं गाव तिथं कामाला आणि उरलेलं अर्धं त्या ब्लँकेटांखाली झोपलेलं. कारखाना बंद पडून जमाना झाला, इमारत पाडली त्याला तीन वर्षं झाली. पाडकामाचं सामान विकणाऱ्याच्या आवारात, जुन्या बाथटबांच्या मागं, हेर्मिनला हा एस दिसला आणि ती जी अडून बसली ती घेऊनच उठली.

"बाकीची अक्षरं कुठं गेली?" तिच्या नवऱ्यानं, रुलोफनं, विचारलं होतं.

"कुणा कॅफेवाल्यानं नेली म्हणे. हा एकटाच उरला होता. कुणी घेईना."

"का घेईना?"

"मला काय माहीत!"

"लोक भिंतीवर फुलांची चित्रं लावतात. आमच्याकडे कारखाना." रुलोफ गावची बस चालवायचा. दिवसभर प्रवाशांशी गोड बोलून त्याच्याकडे बायकोसाठी फक्त तिरकं बोलणं उरायचं. पण त्यानं लावून दिला. मागच्या बाजूला बोटभर काजळी आणि कबुतरांच्या घाणीची पुटं होती. हेर्मिन म्हणाली, "पुसून तरी लाव." तो म्हणाला, "मागची बाजू कोण बघतंय?" त्याच्या आयुष्याचं हेच एक सूत्र. घरातलं एकही कपाट त्यानं मागून रंगवलेलं नाही.

आता रोजचा हा म्हातारा. हेर्मिनचा स्वभाव असा, की शेजारच्या गल्लीत शिडी लागली तरी कोण चढतंय ते कळल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चौथ्या दिवशी तिनं मुद्दाम एसच्या बाजूला नवा दिवा लावून ठेवला. म्हाताऱ्यानं दिव्याकडे ढुंकून बघितलं नाही. पाचव्या दिवशी खिडकीत ट्युलिपची फुलं ठेवली. तो फुलांच्या वरून बघत राहिला. सहाव्या दिवशी तिनं हात हलवला, तर तो असा दचकला की पाव रस्त्यावर पडला. उचलला, झटकला आणि सायकलवर टांग टाकून पसार.

"तुझ्यावर जीव जडलाय त्याचा," रुलोफ म्हणाला.

"माझ्याकडे बघेल तर ना! एसवर जडलाय."

"मग देऊन टाक त्याला. दोघं सुखी होतील, मी तिसरा."

त्याच शनिवारी शेजारच्या ट्रुसचा वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे टेबल, टेबलावर केक. गावची रीत अशी, की वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन घरादाराचं. आत आलं की गोलातून एकेकाचा हात हातात घ्यायचा: ट्रुसला अभिनंदन, तिच्या नवऱ्याला "बायकोबद्दल अभिनंदन", बहिणीला "बहिणीबद्दल अभिनंदन", म्हाताऱ्या आईला "लेकीबद्दल अभिनंदन". गोल पुरा झाल्याशिवाय बूड टेकायचं नाही. रुलोफनं तर खाली वाकून कुत्र्याचा पंजाही हातात घेतला आणि "मालकिणीबद्दल अभिनंदन" म्हणून घेतलं. मग प्रत्येकाला केकचा एक तुकडा आणि मांडीवर बशी.

हेर्मिननं ट्रुसला म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं. ट्रुसला गावातलं काही माहीत नाही असं होत नसे.

"मान वाकडी करून बघतो? कान झाकणारी टोपी? अगं, तो बेरेंड कौपर्स! पाट्या करायचा. कौपर्स बंधू. सेवेरिंकची पाटी त्यांनीच लावलेली."

"बंधू? म्हणजे आणखी एक?"

ट्रुस तिच्या कानाशी वाकली. अशा गोलात एक बाई दुसरीच्या कानाशी वाकली की बाकीचे बोलायचे थांबतात. "एव्हर्ट. धाकटा. उलटा एव्हर्ट म्हणतात त्याला. इथं पाच किलोमीटरवर वीर्डेनला राहतो, आणि शेहेचाळीस वर्षं दोघांची तोंडं एकमेकांना माहीत नाहीत."

"का?"

"तुझ्या त्या एसपायी," ट्रुस म्हणाली, आणि नेमकी दाराची घंटा वाजली, नवे पाहुणे आले, आणि ट्रुस अभिनंदनं घ्यायला उठली ती पुन्हा हाती लागली नाही.

रविवार हेर्मिननं कसा काढला तिचं तिला माहीत. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती कोट घालून दारात उभी राहिली. सव्वाअकराला म्हातारा आला, तिला बघून अडखळला आणि पुढे निघाला.

"कॉफी तयार आहे," हेर्मिन म्हणाली.

"मी काही बघत नव्हतो."

"अहो कौपर्स, आठवडा झाला बघताय."

"सहा दिवस," म्हातारा म्हणाला. "रविवारी चर्च असतं." मग त्याला राहवेना. त्यानं काठीसारखं सुकलेलं बोट खिडकीकडे केलं. "तुम्ही तो उलटा लावलाय."

"काय?"

"एस. त्याचं खालचं पोट मोठं असतं, वरचं लहान. तसंच बसतं ते, नाही तर डोक्यावर आपटेल असं वाटतं. तुम्ही त्याला डोक्यावर उभा केलाय."

हेर्मिननं रस्त्यावरून आपल्या घरात बघितलं. आजवर तिनं असं कधी बघितलंच नव्हतं. एसचं वरचं पोट खरंच मोठं होतं. पण त्यात तिला काही वावगं दिसेना. "अहो, पण तो असाच होता! मी याच गावची. छतावर असाच होता."

"असाच होता," म्हातारा म्हणाला. "तेच तर."

आणि हेर्मिनला एकदम शाळा आठवली. पहिलीत तिचा एस मोठ्या डोक्याचा यायचा. तिचाच नव्हे, वर्गातल्या निम्म्या पोरांचा. बाई फळ्यावर पुन्हा पुन्हा काढून दाखवायच्या, पोरं मान डोलवायची, घरी जाताना छताकडे बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठं डोकं. अख्ख्या गावानं तो एस उलटाच पाठ केला होता.

तिनं त्याला आत घेतलं. "बेरेंड म्हणा," तो म्हणाला आणि पाव खुर्चीशेजारी आणि टोपी गुडघ्यावर ठेवून, एसकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसला. कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावायचं, हा तिच्या आईपासूनचा नेम. त्या दिवशी हेर्मिननं झाकण उघडंच ठेवलं. यावरून ओळखा तिला केवढी घाई होती ते.

"एकाहत्तर साल," बेरेंड म्हणाला. "एव्हर्ट सत्तावीस वर्षांचा, मी तीस. वडिलांनी नुकतंच दुकान आमच्या हाती दिलेलं. सेवेरिंकची पाटी म्हणजे आमचं पहिलं मोठं काम. एव्हर्टचा हात माझ्यापेक्षा चांगला, म्हणून अक्षरं तो करायचा. मी चढायचो. एस, ओ, एच, असली अक्षरं पाठमोरी वर गेली की वरखाली कळत नाही, म्हणून तो प्रत्येकाच्या पाठीवर लाल रंगानं बाण काढायचा. बाणाचं टोक वर. मी बाण बघायचा आणि बोल्ट आवळायचा. इतकं सोपं."

"मग?"

"मग त्या दिवशी वारा सुटला. क्रेनवाला खालून शिव्या घालतोय, उद्घाटन दुसऱ्या दिवशी, आणि एस पहिलाच. पाटीवर कापड टाकलेलं होतं, खालून काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बँड वाजला, महापौरांनी दोरी ओढली, कापड पडलं. सगळे वर बघतायत. आणि गर्दीतला एक पोरगा ओरडला, 'एस पडला!'" बेरेंडनं कप बशीत ठेवला. "लोक हसले. अजून ऐकू येतं मला ते हसणं. म्हातारा सेवेरिंक माझ्याकडे बघायला लागला. आणि मी काय केलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर म्हणालो, 'एव्हर्टचा बाण उलटा होता.'"

"होता का?"

"एव्हर्ट म्हणाला, बरोबर होता. शपथ घेऊन म्हणाला. पण लोक माझं ऐकून मोकळे झाले होते. त्या दिवसापासून तो उलटा एव्हर्ट झाला. बाजारात उलटा एव्हर्ट, चर्चमध्ये उलटा एव्हर्ट. त्या हिवाळ्यात तो दुकान सोडून हेंगेलोच्या एका पाट्यांच्या कंपनीत लागला. नंतर आम्ही बोललो नाही. वडील गेले तेव्हासुद्धा त्यांची पेटी त्यानं डावीकडून धरली, मी उजवीकडून."

"आणि एस तसाच ठेवला? सरळ का नाही केला?"

"सेवेरिंक म्हणाला, राहू दे. लोक हसायला वर बघतात आणि माझं नाव वाचतात. तुमच्या सरळ अक्षरांकडे कोण बघणार?"

हेर्मिन उठलीच. "म्हणजे बाण अजून मागं असेल! काजळी आहे, पुसली की झालं. रुलोफ चारला येतो, दोघं मिळून खाली घेऊ, पाच मिनिटांचं काम..."

बेरेंडनं पुन्हा उचललेला कप तसाच खाली ठेवला. "नको."

"अहो, पण तुम्हाला कळायला नको?"

"पाडकाम सुरू झालं तेव्हा मी रोज जाऊन उभा राहायचो," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, खाली आला की बघू. आणि ज्या दिवशी पाटी खाली घेतली त्या दिवशी मी घरात बसून राहिलो. नंतर गेलो तर एस नव्हता. इतकं बरं वाटलं मला! आणि आता हा तुमच्या सोफ्यावर."

"पण बाण उलटा असेल, तर तुम्ही खरे ठरता की."

"आणि सरळ असेल तर?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात ना, ती मूठ झाकून हा माणूस शेहेचाळीस वर्षं जगला होता आणि ही बया कॉफी पाजून ती उघडायला बसली होती. बेरेंड उठला, टोपी घातली आणि निघाला. पाव खुर्चीशेजारीच राहिला.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. बुधवारी ट्रुसनं येऊन सांगितलं, की बेरेंड आता कालव्याकडच्या रस्त्यानं, म्हणजे चांगला लांबून, पावाला जातो. हेर्मिनला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, तिला खाज सुटली. पडदा शिवायला बसावं तर डोळा भिंतीकडे. तिथं, हातभर अंतरावर, एक बाण होता. टोक वर की खाली, एवढाच प्रश्न. बुधवारी संध्याकाळी रुलोफ घरी आला तेव्हा ती सोफ्यावर चढून, गाल भिंतीला लावून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तोंड बघायचा आरसा घेऊन एसच्या मागं डोकावत होती.

"उंदीर आहे का?" रुलोफनं विचारलं.

"लाल दिसतंय! रुलोफ, लाल रेघ दिसतेय! टोक नाही दिसत. जरा खालून उचल ना, दोन बोटं."

रुलोफ जागचा हलला नाही. "दुसऱ्याचं पाकीट फोडतेयस तू."

"एस माझा आहे. पैसे मोजलेत."

"एस तुझा. बाण त्यांचा आहे." असं काही रुलोफच्या तोंडून वर्षाकाठी एकदाच निघायचं, आणि म्हणून ते लागायचं. हेर्मिन खाली उतरली. तिनं बॅटरी विझवली, आरसा पालथा घातला आणि रागारागानं बटाटे सोलायला गेली. पण नंतर पुन्हा सोफ्यावर चढली नाही. एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

शुक्रवारी सव्वाअकराला दाराची घंटा वाजली. बेरेंड. अंगात काळा सूट, गळ्यात टाय, काखेत लाकडी लेव्हल. गवंडी भिंत सपाट आहे का ते बघायला पाण्याचा बुडबुडा असलेली जी पट्टी वापरतात, ती.

"उद्या त्याचा वाढदिवस आहे," तो नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला.

"तुमच्या लक्षात आहे?"

"संडासात आहे." आल्मेलोत प्रत्येक घरात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या दाराला आतून लावलेलं असतं, बसलं की समोर. "मिनानं लिहिलेलं आहे. माझ्या बायकोनं. मी चिडायचो तरी ती त्याचं नाव खोडायची नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली, ते कॅलेंडर काही माझ्याच्यानं काढवलं नाही. रोज सकाळी बसतो तिथं, आणि समोर एव्हर्ट." त्यानं लेव्हल दुसऱ्या काखेत घेतली. "मी आता शहात्तर वर्षांचा झालो. खाली घ्या तो."

रुलोफची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं आधी शिंप्याच्या खडूनं एसच्या वरच्या कडेला फुली मारली, म्हणजे कसा टांगला होता ते नंतर विसरायला नको. मग दोघांनी तो उचलून खाली घेतला आणि जमिनीवर एक जुना पडदा पसरून त्यावर पालथा घातला. हेर्मिननं कोमट पाण्यात सोडा टाकून आणला. ती वाकणार तेवढ्यात बेरेंड गुडघ्यावर बसला. "द्या," तो म्हणाला. "माझं मीच पुसतो."

फडकं तीनदा काळं झालं. मग पत्र्यावर लाल रेघ उगवली. हेर्मिननं तोंडावर हात ठेवला, कारण नाही तर तिनं ओरडून सांगितलं असतं. रेघेचं शेपूट खडूच्या फुलीपाशी होतं. बेरेंड पुसत पुसत दुसऱ्या टोकाला गेला, हळूहळू, लहान पोटाच्या दिशेनं. टोक तिथं होतं. लहान पोटाकडे, जिथं वर असायला हवं तिथं. कुणी काल काढल्यासारखा ठसठशीत बाण.

बेरेंडनं लेव्हल उगाचच बाणाच्या बाजूला ठेवली आणि उचलली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बाण बरोबर होता. मीच लावला उलटा."

"वारा होता ना," हेर्मिन म्हणाली. "घाई होती."

"वाऱ्यानं नाही म्हटलं एव्हर्टचा बाण उलटा म्हणून. मी म्हटलं." त्याला रडू फुटलं. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, नुसतं नाक गळायला लागलं. तो फडक्यानंच पुसायला गेला, तेव्हा रुलोफनं आपला रुमाल काढून दिला. मग रुलोफ स्वतः उरलेली काजळी पुसायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कशाची तरी मागची बाजू साफ केली, आणि त्यालाच ते दिसलं.

"इथं आणखी काहीतरी खरडलंय."

बोल्टच्या भोकाशेजारी खिळ्यानं कोरलेली बारीक अक्षरं होती. हेर्मिननं चष्मा शोधला आणि वाचलं: "१२ मे १९७६. ट्यूब बदलली. उलटाच ठेवा. ए. कौ."

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

बेरेंडनं वाचलं. पुन्हा वाचलं. "अक्षर खाली काढून दुरुस्ती केली की तारीख आणि नाव टाकायचं, ही आमच्या धंद्यातली पद्धत. पुढच्या माणसाला कळावं म्हणून." त्याचं बोट 'उलटाच ठेवा'वर थांबलं. "हेंगेलोच्या कंपनीनं त्याला पाठवलं असणार. म्हणजे हा एस त्याच्या हातात होता. असाच, पालथा. त्यानं बाण बघितला. शहात्तर सालीच बघितला."

"मग त्यानं सरळ करून का नाही लावला?" रुलोफनं विचारलं. "लोकांना बोलावून बाण का नाही दाखवला? माझ्याकडे असता तर मी बसवर लावून गावभर फिरवला असता!"

बेरेंडचं बोट तारखेकडे सरकलं. मग म्हणाला, "शहात्तरच्या मे महिन्यात नगरपालिकेच्या नव्या इमारतीची पाटी कुणाला द्यायची ते ठरायचं होतं. मी अर्ज केला होता. घरात तिसरं मूल नुकतं झालेलं. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे त्यालाही माहीत होतं." त्यानं रुमालाची घडी घातली. "काम मलाच मिळालं. मी त्यावर घर चालवलं. आणि बाजारात तो समोर दिसला की मी रस्ता बदलायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सायकली वीर्डेनच्या रस्त्याला लागल्या. बेरेंड एकटा जायला तयार नव्हता. "तू चल," तो हेर्मिनला म्हणाला, तुम्हीवरून तूवर कधी आला त्याचं त्यालाही कळलं नाही. "तू सारखी विचारत असतेस. मग माणसाला बोलावंच लागतं." त्याच्या मागच्या पिशवीत मनुकांचा लांबलचक पाव होता. खरं तर तो बाळंतिणीला न्यायचा असतो, पण बेकरीत उभं राहिल्यावर त्याला दुसरं काही आठवेना. रस्ताभर समोरून वारा. बेरेंड रस्ताभर पुटपुटत होता, दोनदा हेर्मिननं विचारलं, "काय म्हणताय?" आणि दोनदा तो म्हणाला, "पाठ करतोय."

विटांचं बसकं घर होतं. खिडकीतून आतली गोल मांडलेली खुर्च्यांची रांग दिसत होती, माणसं दिसत होती, आणि बेरेंड, ज्यानं सहा दिवस लोकांच्या घरात टक लावून बघितलं होतं, त्याला तिकडे मान वळवता येईना. हेर्मिननंच घंटा दाबली.

दार एव्हर्टनं उघडलं. तेच सुकलेलं बोट, तेच कान. फक्त उंची थोडी जास्त. बेरेंडचं पाठ केलेलं सगळं वाऱ्यानं कुठंतरी वीर्डेनच्या रस्त्यावर नेलं होतं.

"बाण बरोबर होता," बेरेंड म्हणाला.

"माहीत आहे."

"मला काल कळलं."

"बरं."

"अरे, पण तू सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं, एव्हर्ट!"

"तू विचारलं नाहीस," एव्हर्ट म्हणाला. मग त्यानं त्या लांबलचक पावाकडे बघितलं, बेरेंडच्या लाल झालेल्या नाकाकडे बघितलं, आणि दार पुरतं उघडलं. "बाळंत कोण झालंय? ये आत. पाय पूस. आणि सायकलला कुलूप लाव, इथं चोर फार." हेर्मिनकडे वळून तो म्हणाला, "आता तो कसा लावलाय तुम्ही?"

"अजून जमिनीवरच आहे," हेर्मिन म्हणाली. "तुम्ही दोघं येऊन ठरवा."

बेरेंड आतल्या दारात येऊन थांबला. गोल भरलेला होता. पुतणे होते, त्यांच्या बायका होत्या, त्यांची मोठाली पोरं होती, यातलं कुणीच त्याला ओळखत नव्हतं आणि तो कोण ते सगळ्यांना कळलं होतं. त्याला बसावं की परत फिरावं ते समजेना. तो टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला. तेवढ्यात एव्हर्टची बायको, केकच्या बशा हातात घेतलेली, स्वयंपाकघरातून आली. बशा जवळच्या पोराच्या हातात कोंबल्या. हात ॲप्रनला पुसला आणि पुढे केला.

"बेरेंड," ती म्हणाली. "भावाबद्दल अभिनंदन."

हेर्मिननं हे शब्द आयुष्यात हजारदा ऐकले होते, हजारदा तोंडावर फेकले होते, आणि कधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता ते पहिल्यांदा तिच्या कानात शिरले. बेरेंडनं तो हात धरला आणि सोडेना. मग शेजारचा पुतण्या उभा राहिला. "भावाबद्दल अभिनंदन, काका." मग त्याची बायको. "भावाबद्दल अभिनंदन." मग एक लांब केसांचा पोरगा, त्यानं कानातली तार काढून हात पुढे केला.

गोलात सतरा माणसं होती. बेरेंडनं एकालाही सोडलं नाही.